रेघ आहे की नाही

ताळगाव

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा ताप उतरला, बरं वाटलं. मलेरियाच्या तपासणी कार्डावर आईला पुसट रेघ दिसली आणि बाबांना काहीच दिसेना, हे ऐकून मात्र हसू आलं. माझं प्रयोगशाळेतलं काम नेमकं याच भांडणावर आहे. फोनची रेंज मध्येच जाते, म्हणून लिहूनच सांगते.

कार्डावर जंतूचं प्रथिन पकडलं जातं आणि त्याला चिकटलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची लालसर रेघ उमटते. प्रथिन कमी, तर रेघ पुसट. मग ज्याचा चष्मा चांगला त्याचं खरं! आम्ही सोन्याऐवजी इओसिन नावाचं रंगद्रव्य लावतो, पॅथॉलॉजीवाले काचपट्टी रंगवायला वापरतात तेच. वर मोनोमरचं, म्हणजे साखळीत जोडता येणाऱ्या सुट्या रेणूंचं, द्रावण टाकायचं आणि हिरवा प्रकाश सोडायचा. प्रकाश मिळाला की इओसिन साखळी सुरू करतं, मोनोमरचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि दोनेक मिनिटांत तिथे जेल धरतं. आई, चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं ना, तसं. फक्त दिवा बंद केला की हे विरजण थांबतं.

बाबा, आता तुमचा भाग. द्रावणात आधीच फिनॉल्फथॅलीन असतं, अल्कलीत गुलाबी होणारं. ते जेलमध्ये अडकतं. धुऊन वर अल्कली टाकली की गडद गुलाबी ठिपका. हवेतला ऑक्सिजन साखळी सुरू करणारे सुरुवातीचे चपळ रेणू, म्हणजे रॅडिकल, गिळतो, त्यामुळे इओसिन पुरेसं नसेल तर जेल धरतच नाही. ‘असेल बहुतेक’ म्हणायला जागाच उरत नाही.

कल्पना आमची नव्हे. कोलोराडोत ख्रिस्तोफर बोमन, हॅडली साइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तिचा पाया घातला. साइक्स पुढे एमआयटीत गेल्या आणि फॅल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाचं प्रथिन साध्या कागदावर असं ओळखून दाखवलं.

कटकट एकच. धुताना जरासं इओसिन मागे राहिलं, तर निरोगी नमुन्यातही ठिपका येतो. माझा निम्मा दिवस या धुण्यात जातो. घरी भांडी घासायला टाळाटाळ करणारी मी, हे आईने शेजारी सांगू नये.

औषधांच्या दुकानात हे अजून मिळत नाही, त्यामुळे वाळपईच्या डॉक्टरांनी रक्ताची काचपट्टी करून घेतली हेच बरं झालं. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला आहे, तर प्रायमाक्वीन पूर्ण 14 दिवस घ्या. ताप गेला म्हणून बाबा गोळ्या सोडतील, मला माहीत आहे. तो जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत येतो. आई, गोळ्यांचं पाकीट तुझ्याकडे ठेव.

तुमची,
मुक्ता