व्हिलासमोरचा समुद्र तुम्ही सांगितला तो नव्हता

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
परदेशी व्हिला बुकिंग विभाग

विषय : बार्बाडोस बेटावरील व्हिलाची दिशाभूल करणारी जाहिरात, जिवावर बेतू शकणारा लेखी सल्ला आणि परताव्याची मागणी

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही तुमच्या संकेतस्थळावरून बार्बाडोसमधला चार बेडरूमचा व्हिला आठवडाभरासाठी घेतला होता. बुकिंग माझ्या नावावर आहे. तिथे असतानाच मी तुम्हाला ई-मेल केली होती. तिची साधी पोचही अजून आलेली नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

तक्रार थोडक्यात अशी. तुम्ही आम्हाला बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा शांत समुद्र दाखवून पैसे घेतलेत आणि राहायला पाठवलंत पूर्व किनाऱ्यावर, जिथे पोहणं धोक्याचं आहे. तिथला स्विमिंग पूल बंद निघाला, तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने "समुद्र समोरच आहे, तिथे पोहा" असं व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं. पहिल्या गोष्टीने आमची सुट्टी बिघडली. दुसरीमुळे जीव जाऊ शकला असता, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आम्ही आठ मैत्रिणी कॉलेजपासूनच्या. काही पुण्यात, काही कोल्हापूर-नाशिककडे, एक लंडनला, एक टोरांटोला. साठी ओलांडल्यावर एकदा सगळ्यांनी एका घरात राहायचं, घाईघाईने स्थळदर्शन करायचं नाही, फक्त पाण्यात डुंबायचं आणि गप्पा मारायच्या, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. 29 जून 2024 च्या रात्री ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आता तिथेच जाऊ." भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला सुट्टीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि लंडन व टोरांटोच्या मैत्रिणींना थेट विमान आहे. ठिकाण पक्कं झालं.

आमच्यातल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीची आदल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेली ही बाई त्यानंतर पाण्यात उतरलेलीच नव्हती. डॉक्टरांनी तिला संथ, उथळ पाण्यात चालायला आणि पोहायला सांगितलं होतं. पैसे भरण्यापूर्वी मी हे सगळं तुमच्या प्रतिनिधीला लिहून विचारलं होतं. उत्तर आलं : "मॅडम, त्यांच्यासाठी हीच जागा बेस्ट आहे. पाणी कमरेएवढं, लाटा अजिबात नाहीत." या उत्तरावर विसंबून आम्ही पूर्ण रक्कम भरली. त्या संभाषणाची प्रत सोबत आहे.

जाहिरातीत "शांत कॅरिबियन समुद्र घराच्या पायरीशी" असं होतं. "व्हरांड्यातून सूर्यास्त" असं होतं. "खासगी किनारा" आणि "सेंट जेम्सपासून जवळ" असंही होतं. नकाशावर मात्र सगळ्या बेटाभोवती एक वर्तुळ काढलेलं. नेमका पत्ता पूर्ण पैसे भरून झाल्यावर, निघायच्या जेमतेम आठवडाभर आधी आला. त्या वेळी बुकिंग रद्द केलं असतं तर तुमच्या अटींप्रमाणे एक रुपयाही परत मिळणार नव्हता.

व्हिला निघाला सेंट जोसेफ या भागात, बाथशीबा गावाजवळ. बार्बाडोस लहान आहे, सुमारे 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद, पण त्याच्या दोन बाजूंचे समुद्र पूर्ण वेगळे आहेत. सेंट जेम्स आणि सेंट पीटर हे भाग पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला. तिथलं पाणी बहुतेक दिवस संथ असतं. पूर्वेला अटलांटिक महासागर. व्यापारी वारे त्याच बाजूने येतात आणि त्या लाटांना अडवायला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जमीन नाही. बाथशीबाच्या 'सूप बोल' नावाच्या जागी जगभरातून सर्फिंग करणारे येतात ते या लाटांसाठीच. पाण्याखाली खडक आहेत आणि परतणारी लाट माणसाला आत ओढते. गावातले लोक खडकांमध्ये साठलेल्या उथळ डोहांत बसतात, पुढे जात नाहीत.

तो किनारा फार देखणा आहे, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. पाण्यात उभ्या असलेल्या त्या प्रचंड शिळा, वरची हिरवी टेकाडं, सकाळचा वारा. खडकाळ समुद्र बघायला जायचं म्हणून कुणी ते घर मुद्दाम घेतलं तर त्याचे पैसे वसूल होतील. माझी तक्रार त्या जागेबद्दल नाही. ज्यांना पाण्यात उतरायचं आहे असं तुम्हाला लेखी ठाऊक होतं, त्यांना तुम्ही ती विकलीत याबद्दल आहे.

सूर्यास्ताचंही तेच. पूर्वेकडे तोंड असलेल्या घरातून सूर्य समुद्रात मावळताना दिसणं शक्यच नाही. आमच्या पाठीमागे हॅकल्टनचा कडा होता आणि ऊन त्याच्याआड लवकरच जायचं. जाहिरातीतला सूर्यास्ताचा फोटो त्या घराचा नाही, हे घर सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. फोटोत व्हरांड्यापुढे वाळूपर्यंत उतरणारी हिरवळ आहे. प्रत्यक्षात खाली जायला मोडक्या दगडी पायऱ्या आहेत, आणि गुडघे बदललेल्या माणसाला त्या उतरणं अशक्य आहे. "खासगी किनारा" हे तर तिथे असूच शकत नाही. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत आणि ते तसेच असावेत असं मलाही वाटतं. पण तिथली घरं भाड्याने देणाऱ्या कंपनीला एवढं माहीत नसावं?

त्या दिवसांत किनाऱ्यावर सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग लागले होते. 2011 पासून हे शेवाळ कॅरिबियन बेटांवर मोठ्या प्रमाणात येत आहे. बार्बाडोसला ते मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर लागतं आणि कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. हा निसर्ग आहे, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण इतकी वर्षं होत असलेली गोष्ट बुकिंगच्या वेळी सांगायला हवी होती.

आता स्विमिंग पूल. आम्ही पोचलो तेव्हा पाणी हिरवं झालेलं आणि पंप बंद. मी लगेच तुमच्या प्रतिनिधीला फोटो पाठवले. पंपाचा सुटा भाग यायला वेळ लागेल, असं उत्तर आलं. त्यापाठोपाठ ते वाक्य : "तोपर्यंत समुद्र समोरच आहे, तिथे पोहा, सेफ आहे." समोर कोणता समुद्र आहे हे त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून त्याने लिहिलं, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

ते वाचून आमच्यातल्या दोघी टॉवेल घेऊन खाली उतरल्या. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्या असतील नसतील, तोच घर सांभाळणाऱ्या बाई वरून ओरडत धावत आल्या आणि दोघींना हाताला धरून बाहेर काढलं. एकीच्या पायाखालची वाळू तेवढ्यात सरकली होती आणि ती बसकण मारून खडकावर आपटली. कोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. बाई थरथरत होत्या. इथे पाहुण्यांनी पोहू नये असं आपण तुमच्या लोकांना आधीही कळवलं आहे, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. हे खरं असेल तर प्रकरण फार गंभीर आहे. त्या दिवशी त्या बाजारात गेलेल्या असत्या तर आज हे पत्र मी वेगळ्या कार्यालयाला लिहीत असते.

त्या बाईंबद्दल आमचं एकाही शब्दाचं गाऱ्हाणं नाही, आणि या पत्रामुळे त्यांच्या नोकरीला धक्का लागू नये. आमच्यातल्या पाच जणी शाकाहारी आहेत हे बुकिंगमध्ये नमूद होतं, पण त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. तरी त्यांनी मक्याचं पीठ आणि भेंडीचं कू-कू माशाशिवाय केलं, विस्तवावर नीरफणस भाजून दिला, आणि आमच्या डाळ-भाताला शेगडी मोकळी करून दिली. तुम्ही जे द्यायचं विसरलात ते त्यांनी आपल्या पदरचा वेळ घालून दिलं.

आठ जणींसाठी म्हणून दिलेली गाडी पाच आसनी होती. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर जायचं तर प्रत्येक वेळी टॅक्सी. सरकारी निळ्या बसचं भाडं फार नाही, पण बदललेल्या गुडघ्यांनी ती चढ-उतार करणं आणि बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणं झेपणारं नव्हतं. टॅक्सीच्या पावत्या सोबत आहेत.

तरीही आम्ही गेलो, आणि काय गमावलं ते तिथे कळलं. पेन्स बे या किनाऱ्यावर सकाळी पोचलो तेव्हा पाणी अगदी स्थिर होतं, तळाची वाळू दिसत होती. कोल्हापूरची मैत्रीण दोघींच्या खांद्याचा आधार घेऊन आत गेली. छातीपर्यंत पाणी आल्यावर तिने आधार सोडला, चार हात मारले आणि वळून आमच्याकडे बघून लहान मुलीसारखी हसली. त्यानंतर ती तासभर बाहेर यायला तयार नव्हती. जरा पुढे एक समुद्री कासव श्वास घ्यायला वर आलं, तेव्हा आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. आम्ही पैसे मोजले होते ते अशा सकाळींसाठी. रोज उठून पायरी उतरून पाण्यात जायचं, कंटाळा आला की घरात येऊन पडायचं, चहा घेऊन परत जायचं. त्याऐवजी आम्हाला टॅक्सीची वेळ बघत, भिजलेले कपडे पिशवीत कोंबून, डोंगर ओलांडून परतावं लागलं. तिचे गुडघे संध्याकाळी सुजायचे. पुढे पुढे ती "तुम्ही जा, मी घरीच बसते" म्हणू लागली. तिला एकटीला कोण सोडणार? मग सगळ्याच थांबायच्या. आमच्या वयात असा आठवडा पुन्हा जुळवून आणणं सोपं नाही. कुणाचे आईवडील अंथरुणावर आहेत, कुणाच्या घरी नातवंड आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या माहितीपुस्तिकेत नाही, ती घालावी. पश्चिम किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाची झाडं आहेत. त्यांचं फळ विषारी असतं, चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि पावसात त्यांच्याखाली उभं राहिलं तरी त्रास होतो. पुष्कळ झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. त्याचा अर्थ आम्हाला टॅक्सीवाल्याने सांगितला. आपल्याकडे आडोशाला झाड दिसलं की माणूस त्याच्याखाली जाणारच.

परत आल्यावर तुमच्या ग्राहक सेवेने फोनवर तीन कारणं दिली. फोटो प्रातिनिधिक असतात. बार्बाडोस कॅरिबियनमध्ये आहे, म्हणून "कॅरिबियन समुद्र" चुकीचं नाही. आणि घर तर स्वच्छ होतं. घर स्वच्छ होतं, मान्य. पण दुसऱ्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घराचा फोटो प्रातिनिधिक होत नाही. आणि आम्ही शब्दावर पैसे दिले नव्हते. "लाटा अजिबात नाहीत" या लेखी उत्तरावर दिले होते. पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सवलत देतो, पण आधी चांगलं रेटिंग द्या, असंही सांगितलं गेलं. आम्हाला ती सवलत नको. खोटं रेटिंग दिलं तर आमच्यासारख्या आणखी कुणाला तरी तुम्ही त्याच पायऱ्यांवर पाठवाल.

व्हिलाच्या भाड्याची निम्मी रक्कम, टॅक्सीचा संपूर्ण खर्च, आणि बंद पूल व लहान गाडी यांपोटी घेतलेले पैसे परत करावेत, ही आमची मागणी आहे. निम्मीच का, तर राहायला छप्पर मिळालं आणि ते चांगलं होतं. जे मिळालं त्याचे पैसे आम्ही परत मागत नाही. बिलात घेतलेल्या टीसीएसचा (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायच्या आयकराचा) दाखलाही मिळालेला नाही, तो पाठवावा.

पैशांपेक्षा निकडीची मागणी जाहिरातीची आहे. ती आजच्या आज उतरवावी. घर पूर्व किनाऱ्यावर आहे आणि समोर पोहणं धोक्याचं आहे, हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लिहिल्याशिवाय पुन्हा लावू नये. ज्यांनी पुढच्या महिन्यांसाठी ते घर घेतलं आहे त्यांना फोन करून हे सांगावं आणि नको असेल तर पूर्ण पैसे परत द्यावेत. जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा काळ आहे, समुद्र आणखी बिघडू शकतो. यात दिरंगाई चालणार नाही.

ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. माझ्या ई-मेलच्या बाबतीत पहिली मुदत तुम्ही कधीच ओलांडली आहे. हे पत्र मिळाल्यापासून महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांसाठी मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दावा दाखल करीन. मी जिथे राहते तिथे दावा लावण्याची मुभा हा कायदा देतो. जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार करीन. आठही जणींनी सह्या केलेलं संमतिपत्र तयार आहे.

"सेफ आहे" हे वाक्य कोणत्या माहितीच्या आधारावर लिहिलं गेलं, याचं लेखी उत्तर प्रतिनिधीऐवजी तुमच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने यावं. ते माझ्या नावे नको, ज्या दोघी पाण्यात उतरल्या त्यांच्या नावे पाठवा. त्यांचे पत्ते बुकिंगच्या अर्जात आहेत.

कळावे,

आपली ग्राहक
(बुकिंग ज्यांच्या नावे आहे त्या)
पुणे