सायकलवाल्यांना गटाराच्या जाळ्यांपासून वाचवा

मा. संपादक, सनविवि.

जानेवारीत पारा १६-१७ वर आला की मुंबईकर लगेच कानटोप्या काढतात आणि आम्ही सायकलवाले पहाटेच मरिन ड्राइव्ह नाहीतर आरेकडे सुटतो, घामाची चिकचिक नाही, ट्रॅफिक नाही, एकदम झकास. पण रोड बाइकचा, म्हणजे वेगात पळवायच्या सायकलचा, टायर जेमतेम २५-२८ मिलिमीटर रुंद आणि कडेच्या गटारांवरच्या काही जाळ्यांच्या फटी नेमक्या चाकाच्याच दिशेने, चाक अडकलं की माणूस थेट हँडलवरून पुढे. त्याच जाळ्या फिरवून आडव्या बसवा ना, खर्च तो कितीसा! त्यात थंडीत वारा पडलेला, धूर खालीच कोंडून राहतो, अंधारात जाळी दिसणार कशी? आणि काळं जर्किन घालून बिनदिव्याचे फिरणाऱ्यांनो, मागे लाल लाइट तरी लावा रे.

– एक सायकलवाला, दादर