कॅमेऱ्याकडे उलट पाहायला शिकवणारे माहितीपट नागपुरात दाखवले जावेत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात दर आठवड्याला नव्या चित्रपटांची परीक्षणे येतात, मालिकांच्या बातम्या येतात, कलावंतांच्या मुलाखती येतात, आणि मी त्या आवडीने वाचते. परंतु चित्रपट, दूरचित्रवाणी आणि वृत्तमाध्यमे यांच्या कारभाराचीच कसून तपासणी करणारे जे माहितीपट जगभर आणि आपल्या देशातही होत आले आहेत, त्यांना आपल्या पानांत आणि आपल्या शहरात जवळजवळ जागा नाही. ती मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या एका गावाचे आहे. 2006 सालच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाने आत्महत्या केली आणि तेरवीच्या आधीच एका वृत्तवाहिनीची गाडी दारात उभी राहिली. वहिनी त्यांच्याशी बोलता बोलता रडली. पण आवाज नीट आला नव्हता म्हणून त्यांनी तिला तेच सगळे पुन्हा सांगायला लावले, आणि मग भिंतीवरचा फोटो उतरवून तिच्या मांडीवर ठेवला. तेव्हा वहिनी म्हणाली, “एकडाव रडली ना बाप्पा, आता आणखी किती डाव रडू?” हे वाक्य बातमीत आले नाही. बातमी दीड मिनिटाची होती, कर्जाचा आकडा चुकलेला होता, आणि बियाण्याच्या किमतीबद्दल, कापसाच्या पडलेल्या भावाबद्दल, सावकाराबद्दल त्यात अवाक्षरही नव्हते. ती मुले वाईट नव्हती. त्यांना संध्याकाळपर्यंत टेप पाठवायची होती आणि त्यांच्या वरच्या माणसांना अश्रू हवे होते. मात्र मुंबई-पुण्यात बसून ते दीड मिनिट पाहणाऱ्याला तो फोटो भिंतीवरून मांडीवर कसा आला हे कसे कळावे? पडद्यावरचे चित्र कोणी, कुठे उभे राहून, काय वगळून तयार केले, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही, आणि ज्या माहितीपटांबद्दल मी लिहीत आहे ते हीच सवय लावतात.

त्यांतला एक तर आपल्या घरचा म्हणावा असा आहे. दीपा भाटिया यांचा 2009 सालचा ‘निरोज गेस्ट्स’ हा जेमतेम तासाभराचा माहितीपट पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांच्या दारात जातो. पण तो केवळ आत्महत्यांवरचा माहितीपट नाही, तर त्या न पाहणाऱ्या माध्यमांवरचाही आहे. साईनाथ यांनी वारंवार मांडलेली तुलना नागपूरकरांनी तरी विसरू नये. मुंबईच्या एका फॅशन सप्ताहासाठी 512 अधिकृत पत्रकार जमले होते आणि तिथल्या मॉडेल सुती कपडे मिरवत होत्या. तो कापूस पिकवणारे लोक विमानाने तासाभराच्या अंतरावर जीव देत होते, आणि त्यांची बातमी करायला आलेले देशपातळीवरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. शीर्षकातला संदर्भ रोमन इतिहासकार टॅसिटस याने लिहून ठेवलेल्या प्रसंगाचा आहे: नीरोने बागेत रात्रीचा उजेड करण्यासाठी माणसे जाळली. साईनाथ विचारतात की नीरो जसा होता तसा होता, पण त्या उजेडात वावरणारे त्याचे पाहुणे कोण होते? हा माहितीपट मी वर्गात लावला तेव्हा पहिली काही मिनिटे मुले नेहमीसारखी कुजबुजत होती. नंतर वऱ्हाडी बोलणारी माणसे पडद्यावर गंभीरपणे, कोणालाही हसवण्यासाठी नव्हे, बोलताना दिसली आणि वर्ग शांत झाला.

परदेशी माहितीपटांतून मी दोनच निवडते. जिहान नुजैम यांचा ‘कंट्रोल रूम’ (2004) हा इराक युद्धाच्या काळात कतारमधून चाललेल्या अल जझीरा वाहिनीच्या कामावर आणि तिथल्या अमेरिकी लष्कराच्या माध्यम केंद्रावर आहे. त्यात अमेरिकी लष्कराचा एक तरुण प्रसिद्धी अधिकारी कबुली देतो. मेलेल्या इराकी माणसांची दृश्ये पाहून त्याला वाईट वाटले होते, पण तो तेवढ्यावर विसरून गेला. दुसऱ्या रात्री मेलेल्या अमेरिकी सैनिकांची दृश्ये पाहून मात्र त्याच्या पोटात ढवळून आले. मग त्याच्या लक्षात आले की अल जझीराच्या कचेरीतल्या लोकांना आदल्या रात्री असेच झाले असले पाहिजे, आणि आपल्याला तेव्हा तसे झाले नाही याचाच त्याला त्रास होऊ लागला. मी हे दृश्य कितीतरी वेळा पाहिले आहे. कोणाचे मरण आपल्याला हलवते आणि कोणाचे नाही, हे आपल्या नकळत दाखवणाऱ्याच्या निवडीतून घडत जाते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला इतकी स्पष्ट सांगितली नव्हती. दुसरा म्हणजे मार्क अकबार आणि पीटर विन्टोनिक यांनी अमेरिकी विचारवंत नोम चॉम्स्की यांच्या माध्यमविचारावर केलेला ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ (1992). त्यात एक साधी युक्ती आहे. एकाच काळातल्या दोन हत्याकांडांना, कंबोडियातल्या आणि पूर्व तिमोरमधल्या, एका मोठ्या अमेरिकी दैनिकाने किती जागा दिली हे दाखवण्यासाठी छापील स्तंभांच्या कागदी पट्ट्या जमिनीवर उलगडत नेल्या आहेत. एक पट्टी उलगडता उलगडता लांबच लांब जाते आणि दुसरी लगेच संपते.

हीच युक्ती मी अकरावीच्या मुलांकडून करवून घेतली. महिनाभराची मराठी वृत्तपत्रे जमवून त्यांनी विषयवार कात्रणे एकाखाली एक चिकटवली. क्रिकेटची पट्टी वर्गातून निघून व्हरांड्यात गेली. शेतीची पट्टी, पावसाळ्याचे दिवस असूनही, फळ्याजवळच संपली. मला त्यावर काही बोलावे लागले नाही. त्या दिवसानंतर मुले वृत्तपत्र उलट्या बाजूने, म्हणजे काय छापलेले नाही ते शोधत वाचू लागली, आणि शिक्षक म्हणून मला याहून मोठे समाधान क्वचितच मिळाले असेल.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. पारोमिता व्होरा यांनी 2007 साली ‘मोरॅलिटी टीव्ही और लव्हिंग जेहाद’ हा माहितीपट केला. मेरठच्या बागेत बसलेल्या तरुण-तरुणींना पोलिसांनी वाहिन्यांचे कॅमेरे सोबत घेऊन मारहाण केली, त्या प्रकरणाचा माग घेत छोट्या शहरातली टीव्ही बातमी कशी तयार होते, स्थानिक वार्ताहर कोणत्या दबावाखाली असतो आणि सनसनाटी मासिकांच्या जुन्या चवीशी तिचे काय नाते आहे, हे त्यांनी दाखवले. विनय शुक्ल यांचा ‘व्हाइल वी वॉच्ड’ (2022) रवीश कुमार यांच्या वृत्तकक्षात आतून फिरतो. त्यात धमक्यांचे फोन आहेत, पण माझ्या मनात घर करून राहिले ते निरोपाचे केक. एकामागून एक सहकारी नोकरी सोडतात, प्रत्येक वेळी केक कापला जातो, टाळ्या वाजतात आणि बातमी करणारी माणसे कमी होत जातात. वृत्तसंस्था कशी खंगते हे सांगायला त्या माहितीपटाला निवेदनाची गरज पडत नाही.

चित्रपटांची तपासणी करणाऱ्या माहितीपटांबद्दल थोडक्यात लिहिते. अमेरिकेत कोणता चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी हे ठरवणाऱ्या गुप्त मंडळातली माणसे कोण, हे शोधून काढण्यासाठी कर्बी डिक यांनी 2006 च्या ‘धिस फिल्म इज नॉट येट रेटेड’मध्ये चक्क खासगी गुप्तहेर नेमले. हॉलिवूडने अरब माणूस पिढ्यान्‌पिढ्या कसा रंगवला, यावर जॅक शाहीन यांच्या अभ्यासावरचा ‘रील बॅड अरब्स’ (2006) आहे. तो पाहिल्यापासून मला एकच वाटत आले आहे: वऱ्हाडी माणसावर असा माहितीपट कोणीतरी करावा. मराठी मालिकेत आणि चित्रपटात वऱ्हाडी बोली कोणाच्या तोंडी येते? घरकामाची बाई, बावळट पाहुणा, नाही तर विनोदापुरता हवालदार. न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक वऱ्हाडीत बोलताना दिसत नाहीत. प्रेमात पडलेली नायिका तर नाहीच. नागपूर-अमरावतीची मुले मुंबईला मुलाखतीला जाताना आपला हेल लपवतात, त्यामागे वर्षानुवर्षांचे हे हसे आहे असे माझे ठाम मत आहे. दृश्ये एकापुढे एक लावली, मध्ये कोणी एक शब्दही बोलले नाही, तरी चालेल.

आणखी एक विषय जवळचा आणि अधिक दुखरा आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत तिला अनैतिक संबंधांचा रंग दिला गेला, आणि देशातल्या मोठ्या माध्यमांनी खऱ्या अर्थाने दखल घेतली ती नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. ते पाच-सहा आठवडे वृत्तकक्षांत नेमके काय घडत होते, हे त्या वेळी काम करणाऱ्या पत्रकारांनी कॅमेऱ्यासमोर सांगावे. त्यांतले अनेक जण आज नागपुरातच आहेत.

मात्र माहितीपट म्हणजे सत्य, असे मी म्हणत नाही. दृश्ये रचून घेतल्याच्या आरोपातून हा प्रकार जन्मापासून सुटलेला नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातील इन्युइट लोकांवरच्या, 1922 सालच्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’साठी बंदूक वापरणाऱ्या शिकाऱ्याच्या हाती भाला देण्यात आला आणि आत उजेड यावा म्हणून एका बाजूने उघडे असलेले बर्फाचे घर बांधण्यात आले. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. बुंदेलखंडातील ‘खबर लहरिया’च्या पत्रकार स्त्रियांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ 2022 साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, आणि त्याच वेळी खुद्द ‘खबर लहरिया’ने आपल्या कामाचे हे चित्रण एकांगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. ज्यांच्यावर कॅमेरा रोखलेला होता त्यांनीच, सारे जग टाळ्या वाजवत असताना, ‘आमचे काम एवढेच नाही’ असे म्हणावे, याला धैर्य लागते. माझ्या वहिनीच्या त्या वाक्याशी मला याचे नाते दिसते. म्हणून असे माहितीपट दाखवले गेले तर त्यांच्यावरही तितकीच कठोर चर्चा झाली पाहिजे.

माझ्या पिढीने चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट पाहिले. 1948 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे पट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. तो सरकारचा आवाज होता, हे खरे, पण माहितीपट नावाचे काही असते हे सीताबर्डीवर तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. 2022 मध्ये ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. सरकारला न रुचणाऱ्या माहितीपटांची वाट तर नेहमीच न्यायालयातून गेली. आनंद पटवर्धन यांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ दूरदर्शनने दाखवावा, यासाठी 2006 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्याही आधी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरील छोट्या माहितीपटाच्या खटल्यात, 1970 साली, चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले; तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पूर्वतपासणी मान्य करतानाच कलेला मोकळे क्षेत्र राहिले पाहिजे, असेही त्यांनी त्यात बजावले. या शहराचा माहितीपटांशी असा जुना संबंध आहे, तो विद्यार्थ्यांना सांगितला जात नाही याची मला खंत वाटते.

माझी विनंती अशी आहे. महिन्यातून एकदा, दिग्दर्शकांची रीतसर परवानगी घेऊन, नागपुरातील एखाद्या सभागृहात असा एक माहितीपट दाखवला जावा आणि नंतर तासभर मराठीतून चर्चा व्हावी. विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातील विद्यार्थ्यांनी मराठी उपशीर्षके तयार करावीत. भाषांतराच्या कामात मी आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी विनामोबदला मदत करू. आपण त्या माहितीपटाचे परीक्षण, त्यातील उणिवांसह, छापावे. आणि एक गोष्ट धीर करून मागते: वर्षातून एक दिवस आपल्या वृत्तकक्षाचे दार या विद्यार्थ्यांच्या कॅमेऱ्यासाठी उघडावे. कोणती बातमी पहिल्या पानावर गेली, कोणती जाहिरातीसाठी आत सरकली, जिल्हा प्रतिनिधीने पाठवलेल्या मजकुरातले काय कापले गेले, हे त्यांना पाहू द्यावे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’चा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, जो विषय महाराष्ट्रातून देशभर गाजला, त्यानंतर वाचकाने एवढे मागणे गैर ठरू नये.

सुरुवात ‘निरोज गेस्ट्स’ने व्हावी. वहिनीने तो अजून पाहिलेला नाही. सभागृह आणि तारीख ठरल्याचे कळवले, तर मी तिला गावाहून घेऊन येईन. चर्चेत बोलायचे की नाही, ते तिचे ती ठरवील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
धरमपेठ, नागपूर