डॅनियल फ्रीमनची 160 एकर

चि. ताईस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नेब्रास्कातल्या तुझ्या लिंकन शहराच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर बिॲट्रिस गाव आहे आणि त्याच्या पश्चिमेला, कब क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, डॅनियल फ्रीमनची जमीन आहे. तिथे एकदा अवश्य जाऊन ये, एवढ्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

अध्यक्ष लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी ज्या होमस्टेड कायद्यावर सही केली, त्यानुसार पाच वर्षे स्वतः वस्ती करून जमीन कसणाऱ्याला 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळे. कायदा 1 जानेवारी 1863 रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी फ्रीमनने ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज दिला. कामावर परतायचे असल्याने त्याच्यासाठी कचेरी मध्यरात्रीनंतर लगेच उघडली, अशी कथा सांगतात. त्या दिवशी अर्ज करणारे इतरही होते, पण देशातला पहिला होमस्टेडर म्हणून नाव राहिले ते त्याचेच.

पाच वर्षांनी मालकी सिद्ध करताना दोन साक्षीदारांनी जे लिहून दिले, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. जन्मभर तलाठ्याच्या नोकरीत पंचनामे आणि पीकपाहणी केलेल्या माणसाला अशा कागदातून माणूस दिसतो. चौदा बाय वीस फुटांचे एकमजली घर, त्याला दोन दारे आणि दोन खिडक्या, फळ्यांची जमीन. तबेला, शंभर फूट लांबीचा मेंढवाडा, मक्याची कणगी. नांगरून कुंपण घातलेली सुमारे 35 एकर. आणि 40 सफरचंदाची व सुमारे 400 पीचची झाडे. मुळांनी घट्ट विणलेल्या त्या गवताळ मातीत पाच वर्षांत चारशे झाडे लावणारा माणूस फळे खायला तिथेच राहणार होता, हे त्या कागदावरून कोणालाही कळेल.

त्या संसारात ॲग्नेस सूटर होती. तिचे लग्न त्याच्या भावाशी ठरले होते. तो यादवी युद्धाच्या काळात गेला. फ्रीमनची पहिली पत्नीही वारली होती. दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि 1865 साली ती आयोवातून लग्न करून आली. जमिनीच्या कागदावर तिचे नाव नाही. ती मात्र 1931 पर्यंत जगली, नवऱ्यामागे बावीस वर्षे.

आणखी एक नाव त्या कागदावर नाही, आणि ते तू विसरू नयेस. हा मुलूख ओटो-मिसूरिया या मूळनिवासी लोकांचा होता. 1854 च्या करारात त्यांच्याकडून बहुतेक जमीन गेली, बिग ब्लू नदीकाठी राखीव पट्टा उरला आणि 1881 मध्ये तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमाकडे जावे लागले. सरकारी जमीन हा शब्द मी हजारदा लिहिला आहे. सरकारची होण्याआधी ती कोणाची होती, हे विचारायला मी नोकरीत फार उशिरा शिकलो. फ्रीमनच्या कष्टांबद्दलचा माझा आदर त्याने कमी होत नाही, पण तो आदर एकटा उभा राहू शकत नाही.

म्हातारपणी त्याने शेजारच्या शाळेत शिक्षिका बायबल वाचून प्रार्थना घेते याला हरकत घेतली, खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1902 मध्ये जिंकला. वयाच्या शहात्तराव्या वर्षी शेजाऱ्यांचा रोष पत्करायला धीर लागतो. त्याच्या आयुष्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

30 डिसेंबर 1908 रोजी तो वारला. अर्ज दिल्याला 46 वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. त्याच जमिनीच्या पूर्व कडेला त्याला पुरले आणि पुढे ॲग्नेसलाही. 1936 मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली, आणि नंतर तिथे पूर्वीचे उंच गवत पुन्हा वाढवण्यात आले आहे.

उन्हाळा सरता सरता जा, तेव्हा गवत भरात असेल. थडग्यापाशी थोडी थांब आणि तिथे पीचचे एखादे झाड दिसते का, ते मला कळव.

तुझे,
बाबा