रात्री साडेअकराची भूक

चि. सई,

तू पाठवलेला खाण्याचा तक्ता नीट वाचला. सकाळी काळी कॉफी, दुपारी सॅलड, संध्याकाळी साडेसहाला सूप आणि रात्री साडेअकराला बिस्किटांचा अख्खा पुडा. तू याला मनाचा कमकुवतपणा म्हणतेस, ते मला पटत नाही. भूक रात्री लागते, पण तिची तयारी सकाळपासूनच चाललेली असते. म्हणून दुरुस्तीही दिवसाच करायला हवी.

आधी हिशेब बघू. आहे ते वजन टिकवायला तुला रोज साधारण २००० कॅलरी लागतात आणि पुडा सोडला तर तू जेमतेम १२०० खातेस. ८०० ची तूट शरीर मुकाट्याने सोसत नाही. ती ४०० ते ५०० वर आण, म्हणजे रोज १५०० ते १६०० खा. वजन सावकाश उतरेल, पण उतरत राहील. आत्ता दिवसभर वाचवलेलं सगळं त्या पुड्यात जातंय. त्यात आपली भूक शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे चढते-उतरते: सकाळी सगळ्यात कमी, संध्याकाळी सगळ्यात जास्त. त्यामुळे सकाळी उपाशी राहणं सहज जमतं, आणि नेमकी भूक चढायच्या वेळी पोट रिकामं सापडतं.

मग काय बदलायचं? पहिलं म्हणजे प्रथिनं. वजन कमी करताना दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. तुझ्या ६४ किलोंना ते ७७ ते १०० ग्रॅमच्या आसपास जातं. एवढं सगळं रात्रीच्या जेवणात बसत नाही, म्हणून तिन्ही जेवणांत २५ ग्रॅमच्या जवळपास ठेव आणि उरलेलं मधल्या खाण्यातून घे. दोन अंडी आणि २५० मिली दूध मिळून सुमारे २० ग्रॅम होतात. शिजवलेलं कडधान्य २०० ग्रॅम घेतलंस तर १५ ते १८. नुसत्या सॅलडने पोट भरल्यासारखं वाटतं, पण ते टिकत नाही, कारण त्यात पाणी आणि पानं सोडून फारसं काही नसतं. तंतुमय पदार्थ रोज २५ ते ३० ग्रॅमपर्यंत ने, पण हळूहळू. एकदम वाढवलेस तर पोटात वायू धरतो आणि झोप त्यानेच मोडते.

रात्रीचं जेवण साडेसहाऐवजी आठला घे. तू अकराला अंथरुणात शिरतेस, म्हणजे मध्ये तीन तास मिळतात. याहून उशीर केलास आणि लगेच आडवी झालीस तर आंबट पाणी वर येतं आणि छातीत जळजळतं.

पोट गुरगुरतं तेव्हा तू घाबरतेस, म्हणून हे सांगते. पोट रिकामं झालं की साधारण दर दीड-दोन तासांनी जठर आणि आतडी आकुंचन पावून उरलंसुरलं पुढे ढकलतात. तो आवाज त्या साफसफाईचा असतो आणि काही मिनिटांत थांबतो. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ 'खा' असा नसतो.

खरी भूक कोणती, हे ओळखायला स्वतःला विचार: आत्ता साधं, साखर न घातलेलं दही दिलं तर खाईन का? उत्तर 'हो' असेल तर खाऊन घे. उत्तर 'नाही, बिस्किटच हवं' असं आलं, तर बहुतेक वेळा तो थकवा असतो, कंटाळा असतो किंवा ते दिवसभर टाळल्यामुळे आलेली ओढ असते. त्यावर खाण्यापेक्षा झोपणं बरं.

खरी भूक असताना उपाशी तळमळत पडणं मला मुळीच मान्य नाही. त्यासाठी १५० ते २०० कॅलरी दिवसाच्या हिशेबातच राखून ठेव. एक वाटी दही आणि त्यात अर्धं केळं, किंवा एक कप दूध आणि सात-आठ बदाम. संध्याकाळीच वाटीत काढून ठेव. बदामाची बरणी उघडून उभ्याउभ्या खाल्लेस तर मोजमाप राहत नाही, आणि ३० ग्रॅम बदामांतच सुमारे १७० कॅलरी असतात. स्वयंपाकघरातला मोठा दिवा लावू नकोस, फोन बाजूला ठेव, बसून चमच्याने खा. पावणेदहा-दहाला हे उरकलं की दात घास. पाणी घोटभरच पी. तांब्याभर पाण्याने भूक मारलीस तर दोन वाजता लघवीला उठावं लागेल.

झोपेकडे तू सगळ्यात कमी लक्ष देतेस, आणि माझ्या मते अर्धा घोळ तिथेच आहे. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी होतं. दुसऱ्या दिवशी गोडाची आणि तेलकटाची ओढ त्यातूनच येते. कॉफीतलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. पाचची कॉफी दहाला अर्धी अंगात असते, म्हणून शेवटचा कप दुपारी बाराच्या आत. अंथरुणात वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी रटाळ वाच, पण स्वयंपाकघरात जाऊ नकोस. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ बदलू नकोस.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक खरोखर वाढू शकते. त्या दिवसांत १०० ते २०० कॅलरी जास्त खा, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

रात्री पुन्हा पुन्हा जाग येऊन खाल्ल्याशिवाय झोपच लागत नसेल, किंवा खाताना थांबताच येत नाही असं वाटत असेल, तर ते डाएटने सुटणार नाही. लाजू नकोस, डॉक्टरांकडे जा. घाम फुटून, थरथरत, छाती धडधडत जाग आली तरीही तपासून घे. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत तर ते साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं, आणि तेव्हा डाएट विसरून लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची असते.

पुढचे सात दिवस वजनाच्या जोडीला तीन गोष्टी लिही: रात्री किती वाजता जेवलीस, झोपायला जाताना भूक ० ते १० मध्ये किती होती, आणि दिवा कधी बंद केलास. तक्ता रविवारी पाठव. भूक सलग तीन रात्री ५ च्या वर राहिली तर रात्रीची वाटी मोठी करायची नाही, आधी सकाळचा नाश्ता वाढवायचा.

तुझी,
आई