संज्या, बाबा घरी आले

येळ्ळूर, बेळगाव

प्रिय संज्या,

फोनवर नीट बोलताच आलं नाही म्हणून लिहायलोय. बाबा काल घरी आले, बरे आहेत, सकाळी मला नावानं हाक मारली तर डोळ्यात पाणीच आलं बघ.

झालं असं की धूळवाफ पेरणीच्या आधी चार दिवस ते उन्हात बांध घालायलते, घामानं निथळत, आणि आम्हीच मागं लागलेलो पाणी प्या पाणी प्या म्हणून. जेवणातलं मीठ बीपीमुळं कधीच कमी केलेलं, वर बीपीची गोळी पण लघवी जास्त होणारी. पाचव्या दिवशी आईलाच विचारायलेत, तू कोण गे? आम्हाला वाटलं लकवा मारला. हॉस्पिटलात रिपोर्ट बघून सिस्टर म्हणाली, 'उप्पु कडिमे आगिदे', मीठ कमी झालंय. सोडियम 135 ते 145 पाहिजे, बाबांचं 116.

मी डॉक्टरांना विचारलं, शरीर आपलं आपण सगळं सांभाळतंय की, मग हे कसं? त्यांनी सांगितलेलं अजून डोक्यातनं जाईना. किडन्या दिवसाला 180 लिटरच्या आसपास गाळतात आणि बाहेर सोडतात दीड-दोन लिटर, किती सोडायचं ते मेंदूकडनं येणारं एडीएच नावाचं हार्मोन ठरवतं. एरवी रक्त पातळ झालं की ते कमी होतं आणि जादा पाणी लघवीतनं जातं. पण घामानं, गोळीनं मीठ-पाणी दोन्ही गेलं आणि अंगात रक्तच कमी पडतंय असं झालं की शरीर पाणी घट्ट धरून बसतं, मीठ पातळ झालं तरी चालेल म्हणून. दोन्ही तोल एकदम राखता येईनात तेव्हा त्यानं रक्त फिरतं ठेवलं रे! तेच पाणी मेंदूच्या पेशीत शिरून त्या फुगल्या, म्हणून बाबा बरळायलते.

एकदम सलाईन भरून टाका की म्हणून मी भांडलोच. तर म्हणाले, सोडियमचा आकडा दिवसात आठ-दहापेक्षा जास्त वाढवला तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होऊ शकतं, कारण पेशींनी तोवर कमी मिठाशी जमवून घेतलेलं असतंय. तीन दिवस सारखं रक्त काढून बघत होते, ते तीन दिवस कसे गेले आमचं आम्हाला माहीत.

गोळी बदललीय. आज्जी होती तोवर शेतावर आंबील जायची, ताक-मीठ घातलेली, ती कधी बंद झाली कळलं पण नाही. डॉक्टरांना विचारून परत चालू केलीय, आई स्वतः घेऊन जाते.

तुझे आप्पा पण तसलीच गोळी घेतात ना? मनानं बंद करू नको, पण ह्याच आठवड्यात सोडियम तपासून घे आणि रिपोर्ट आला की मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

तुझाच,
पद्या