ती. आई-बाबा, सोमवारी ॲडमिट होतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू मधेच रडायला लागली असतीस आणि बाबा, तुम्ही रात्रीचीच एसटी धरली असतीत. म्हणून लिहून दादाच्या मोबाइलवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल.

सोमवारी मी इथेच, पुण्यात ॲडमिट होतेय. कळांची वाट न बघता औषधाने कळा आणणार आहेत. आमचं ठरलंय, फॉर्मवर सह्याही झाल्यात. बाळंतपणाला चिपळूणला येणं आता होणार नाही. बाबांनी माळ्यावरचा पाळणा काढून पुसून ठेवलाय हे वहिनीने सांगितलं, तेव्हापासून हे कसं लिहावं तेच सुचत नव्हतं.

गोळ्या चालू असूनही बीपी दीडशेच्या खाली टिकत नाही, आणि आता लघवीतून प्रोटीन जायला लागलंय. गोळीने आकडा तेवढा धरून ठेवता येतो. मूळ दुखणं वारेपाशी आहे, ती बाहेर पडल्याशिवाय हे उतरणीला लागत नाही. थांबलं तर झटके येण्याची भीती. माईआत्याच्या वेळचं तुम्हाला मी काय सांगू? सोमवारी ३७ आठवडे पूर्ण होतात, म्हणजे आई, नववा चालू आहे. ते 'आठव्यातलं' मनातून काढून टाक. बाळाचं वजन अडीच किलोच्या आसपास आहे, ठोके छान आहेत.

आधी जेल ठेवतात, पिशवीचं तोंड मऊ झालं की कळांचं सलाईन लावतात. पहिलटकरणीला यात एक-दोन दिवसही जातात, तेव्हा तासातासाला फोन नको. नाहीच जमलं तर सिझर. "पोरीला कळा सोसवल्या नाहीत" असं कोणी म्हणालं तर म्हणू दे, तू ऐकून घेत बसू नकोस.

हात इतके सुजलेत की ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्यात. त्या काढाव्या लागणार. एकही फुटू देणार नाही गं. साबण लावून, माझा पंजा चेपून, "बघ, ती चिमणी बघ" म्हणत तू काढायचीस ना, तशाच काढते. तुझ्याइतकं हलक्या हाताने इथे कोणाला जमेल, देव जाणे.

तुमची खोली तयार आहे. कमोड आहे, लिफ्ट आहे, दूध पहाटेच येतं, त्यामुळे बाबांचा सहाचा चहा चुकणार नाही. पलंग भिंतीला लावून घेतलाय, आईला उठताना आधार होईल.

आता ऐका. मंगळवारी सकाळच्या गाडीनेच निघा, रात्री कुंभार्ली घाट नको. आई, तुझी बीपीची गोळी पर्समध्ये ठेव, सुटकेसमध्ये नको, आणि निघण्याआधी एकदा मोजून घे. अळीव आणि बाळंतशोप तेवढी आणा. डिंक, खारीक मी आणून ठेवलंय, नारळ अजिबात उचलून आणायचे नाहीत. जुन्या लुगड्यांची दुपटी मात्र सगळी हवीत. बाळ झाल्यावरही काही दिवस बीपी उसळू शकतं, त्यामुळे मला लगेच सोडणार नाहीत. तेवढ्यात तुम्ही घर बघा. सव्वा महिन्यानंतर डॉक्टर हो म्हणाले की येतेच तिकडे, पाळणा परत माळ्यावर टाकू नका.

आणि बाबा, सोमवारचं पंचांग उघडून बसू नका. जेल सोमवारी ठेवलं तरी बाळ कधी यायचं ते बाळच ठरवणार आहे.

तुमची,
ताई